"पाणी चावतंय," तू म्हणाला होतास

दादा, तुला हार्ट अटॅक आला असं सगळ्यांनी धरलं आहे. डॉक्टर तसं म्हणाले, गावाने मान डोलावली, आणि सगळ्यांच्या आधी मी डोलावली. माझं मन मात्र पहिल्या दिवसापासून ते मानत नव्हतं. तुझ्या हॉलमधल्या माशांच्या टाकीखाली, कपाटात, एक काळा डबा होता. तो फिल्टर मी निवडला, मी आणला, मी बसवला, आणि त्याला वीज कुठून द्यायची तेही मीच ठरवलं. तू गेलास त्या सकाळपासून मला एकच गोष्ट खात होती. तुझ्या जाण्यात माझा हात आहे का, आणि असेल तर ते वहिनींना कोण सांगणार.

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं द्या, म्हणून माणसं आली होती. जन्म, शाळा, मिठागर, ट्रक, ग्रामपंचायत, सगळं ओळीने लिहून दिलं. वाचून त्यांचं समाधान झालं. मी पुन्हा वाचलं तर त्यात तू कुठेच नव्हतास. म्हणून हे वेगळं लिहितोय, आणि हे अंकात जाणार नाही.

तळ्यापासून सुरुवात करतो, कारण तू प्रत्येक भांडण तिथूनच सुरू करायचास. आपल्या खारपट्टीत घरामागे तळं असायचंच आणि तळ्यात जिताडा असायचाच. खाडीच्या बांधात उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचा दरवाजा. बाबा भरतीला तिची फळी वर करायचे, खाडीचं पाणी आत यायचं आणि त्याबरोबर बोटाएवढी जिताड्याची पिल्लं यायची. ती आपली आपण वाढायची, दुसरे मासे खाऊन. पाहुणा आला की एक जिताडा निघायचा. तू छातीभर पाण्यात उभा राहून हाताने चाचपडायचास आणि मी काठावर बसून भोकाड पसरायचो, कारण मला वाटायचं की आता तो माझ्या दादाला गिळणार. "शिकारी हाय तो," तू ओरडून सांगायचास, "पन त्याला मानूस आवडत न्हाय." माझं रडणं काही थांबायचं नाही. मग तू मासा सोडून वर यायचास.

गोदामांसाठी भराव पडला त्यात तळं गेलं. आज तिथून कंटेनर जातात. तू नवीन घर बांधलंस, हॉलमध्ये सोफा आला, खिडक्यांना काचा आल्या, आणि एका रविवारी मला फोन आला.

"भास्क्या, मना घरात मासं ठेवायचं हायत. खाऱ्या पान्यातलं."

मी म्हटलं, छान की. छोटे, रंगीत घे. वहिनींना आवडतील.

"रंगीत नको रं. शिकार करनारं पायजेत. त्यांना बगताना आपुन गप व्हतो, तसलं."

मी हसलो. पण दोन दिवसांनी तुझ्याकडे आलो तेव्हा तू चार फुटी टाकीचं माप भिंतीवर खडूने काढून ठेवलं होतंस. आगरदांड्याच्या तुझ्या कोळी मित्राने बादलीतून एक हेकरू आणून दिला होता. वीतभर, करडा, ठिपक्यांचा, तोंड मोठं आणि कपाळावर कायमची आठी. बादलीतूनही तो आपल्याकडे असा बघत होता की आपणच चुकीच्या घरात आलोय. दुसरा होता लायनफिश, मुंबईच्या दुकानातून आणलेला, पंखांना विषारी काटे असलेला. वहिनींनी दोघांना बघून फक्त एवढंच विचारलं, की यांना रोज काय खायला लागणार. तू म्हणालास, "कोलंबी." त्या म्हणाल्या, "म्हंजे आपल्यापेक्षा बरं."

आणि मग आपलं भांडण सुरू झालं, फिल्टरवरून. ते आजवर मिटलेलं नाही.

ज्यांनी कधी मासे पाळले नाहीत त्यांना हे खूळ वाटेल. पण शिकारी मासा म्हणजे घाण. तो अख्खी कोळंबी तोंडात घेतो, अर्धी चावून थुंकतो, आणि जे गिळतो तेही दुसऱ्या बाजूने पाण्यातच येतं. त्या घाणीचा अमोनिया होतो. तो दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ असतं आणि मासा आत भाजत असतो. त्या अमोनियाला खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवावे लागतात, आणि त्या जिवाणूंना सतत वाहतं पाणी आणि हवा लागते. एवढं तुला मी पहिल्या दिवशी सांगितलं आणि तुला ते पहिल्याच झटक्यात कळलं. "म्हंजे तल्यातला चिखल," तू म्हणालास. बरोबर होतं. मला तेव्हा ते कबूल करायला जड गेलं.

तुझं म्हणणं सरळ होतं. मोठ्या टाकीखाली आणखी एक उघडी टाकी ठेवायची. वरचं पाणी कडेवरून खाली पडेल, तिथे खाडीतले दगड आणि शिंपल्या, त्यातून झिरपेल, फेस काढणारी नळी एका बाजूला, आणि पंप ते पुन्हा वर चढवेल. "पानी खाली आला पायजे, वर गेला पायजे. उघाडीसारखा. कोंडलेला पानी मरतो." हातवारे करून तू मला हे समजावलंस, आणि तुझा हात लागून चहाचा कप सांडला.

मला ते पसंत नव्हतं. चोवीस वर्षं मी कंपनीच्या सांडपाण्याच्या प्लँटवर काढली आहेत. उघड्या टाकीचा आवाज होतो. पाणी उडतं, खारी वाफ सगळीकडे बसते, बोर्डावर मीठ धरतं, लाकूड फुगतं. त्याऐवजी कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर. आत चार जाळ्या, स्पंज, चिनी मातीच्या नळ्या, सगळं झाकणाखाली. आवाज नाही, वास नाही, कपाटात बसवला की दिसतसुद्धा नाही. मी म्हणालो, "चोवीस वर्षं मी पाणीच साफ करतोय दादा, तू मला पाणी शिकवणार?"

तू सांडलेला चहा फडक्याने टिपलास. मग म्हणालास, "तुझा पानी कंपनीचा. त्यात कोन जगत न्हाय."

मला झोंबलं. मी उठून निघालोच होतो. तू दाराशी आलास आणि माझ्या हातात चपला दिल्यास, लहानपणी द्यायचास तशा, आणि म्हणालास, "बरं, तुझा डबा लाव." त्या वेळी मला वाटलं, मी वाद जिंकला. आता वाटतं, तू मला जिंकू दिलंस. तू आयुष्यभर तेच केलंस. बाबा गेले तेव्हा दोघांपैकी एकाने तरी मिठागरात उभं राहायला हवं होतं, तर तू नववीची पुस्तकं बांधून माळ्यावर टाकलीस आणि मी पुढे आयटीआयला, इलेक्ट्रिशियन व्हायला, गेलो. तुझ्या हातांना पडलेल्या चिरा पुढे ट्रकच्या स्टिअरिंगवरही भरल्या नाहीत. मी जे काही विजेबद्दल शिकलो ते त्या चिरांवर शिकलो, आणि ती विद्या मी तुझ्या घरी अशी आणून वापरली.

पहिले चार महिने चांगले गेले, हेही सांगायला हवं. रोज सकाळी तू करंगळी पाण्यात बुडवून जिभेला लावायचास. मी खारटपणा मोजायचं यंत्र आणून दिलं होतं. ते तू कपाटात ठेवलंस आणि मी आलो की म्हणायचास, "बग, तुझा मशीन बराबर हाय काय." मी बघायचो. तुझी जीभ आणि माझं मशीन एकच सांगायची. तुला रक्तदाबासाठी मीठ बंद केलेलं होतं आणि वहिनी कपाळाला हात लावून म्हणायच्या, "ताटातला मीठ काढला, तर हे टाकीतला चाटतात." तू मोठ्याने हसायचास. ते हसणं मला आता कुठे मिळेल?

मग श्रावणात तुम्ही दोघं हरिहरेश्वरला गेलात. वहिनींचा बऱ्याच वर्षांचा हट्ट होता. सकाळी निघालात, संध्याकाळी परत आलात. घरात वीज नव्हती. मीटरजवळ एक छोटा स्विच असतो. घरात कुठेही वीज गळायला लागली की तो आपणहून पडतो आणि सगळं बंद करतो. आम्ही त्याला ईएलसीबी म्हणतो, तू त्याला "पडता बटन" म्हणायचास. तो पडला होता, कधी ते कुणालाच माहीत नाही. तू तो वर केलास. दिवे लागले, डबा सुरू झाला, आणि त्याच्या नळीतून काळं, कुजक्या अंड्याच्या वासाचं पाणी टाकीत आलं. दिवसभर बंद पडलेल्या डब्यात हवेवाचून जिवाणू मेले होते आणि सडले होते. मी पेणहून पोचेपर्यंत लायनफिश तळाशी आडवा झाला होता, पंख पसरून. हेकरू दगडामागे तोंड उघडं टाकून धापा टाकत होता.

उघडी टाकी असती तर हे झालं नसतं. तिथले दगड ओले राहिले असते, हवा लागली असती. हे मला कळत होतं आणि तुला त्याहून आधी कळलं होतं. मी वाट बघत होतो की तू म्हणशील, सांगितलं व्हता ना तुना. तू म्हणाला नाहीस. तू लायनफिशला जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलंस, काटे लागू नयेत म्हणून, आणि परसात पुरून आलास. तू एक शब्द बोलला असतास तर मी तो डबा काढून टाकला असता. तू बोलला नाहीस म्हणून मला तो राखावासा वाटला. एवढा मी हट्टी.

आठवड्यात तो स्विच आणखी दोनदा पडला. मी बोर्ड उघडला. आत मिठाचा पांढरा थर होता. तो खरवडला, स्प्रे मारला. तरीही पडला. मी म्हणालो, पावसाळा आहे, दमट आहे, हे स्विच उगाच नाजूक असतात. तू टाकीपुढे बसून हेकरूकडे बघत होतास. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तळ्यावर भराव पडत असताना पाहिलं होतं. तू म्हणालास, "हा पन जाईल काय रं?"

तेव्हा मी ते केलं. त्या पडत्या स्विचला वगळून, मीटरकडूनच एक स्वतंत्र वायर काढली आणि थेट टाकीच्या बोर्डाला आणली. आता घरात काहीही झालं तरी डबा बंद पडणार नव्हता आणि लाटांसाठी टाकीत बसवलेला पाणी ढवळणारा छोटा पंपही बंद पडणार नव्हता. कंपनीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

तू शिडी धरून उभा होतास. विचारलंस, "याने काय व्हनार न्हाय ना?"

मी म्हणालो, "काही होत नाही, दादा. मी आहे ना."

हे वाक्य मी इथे लिहितोय कारण मला ते दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही.

त्यानंतर स्विच एकदाही पडला नाही. मला केवढा आनंद झाला होता. आजार बरा झाला असं मी समजलो. खरं म्हणजे ज्याला वीज गळताना दिसत होती त्याचेच डोळे मी बांधले होते. हेकरूला दगड उकरायची खोड होती. त्याने एक दगड लोटला होता, तो पंपाच्या वायरवर बसला होता, आणि पंपाच्या थरथरीने वायरचं वेष्टण रोज थोडं थोडं घासलं जात होतं. हे मला नंतर दिसलं. तेव्हा मी फक्त नितळ पाणी बघत होतो.

गणपतीनंतरच्या एका रविवारी तुझा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तू म्हणालास, "भास्क्या, पानी हाताला चावतंय रं."

आणि मी हसलो! दादा, मी हसलो. म्हणालो, "तुझ्या हाताला चिरा, पाण्यात मीठ. चावणार नाही तर काय गुदगुल्या करणार?"

तूही हसलास. आपण दोघं मिठागरातले. तिथे फाटल्या हातापायांनी खाऱ्या पाण्यात उभं राहावंच लागायचं, आणि चावतंय म्हणणाऱ्याला सगळे चिडवायचे. मी सात वर्षांचा असताना एकदा म्हणालो होतो तर मला महिनाभर "साखऱ्या" म्हणून हाक मारत होते. दुसऱ्या कुणाच्या घरी, शहरातल्या कुणाच्याही घरी, पाण्याने हाताला मुंग्या आल्या असत्या तर माणूस बाजूला झाला असता आणि वायरमनला बोलावून मोकळा झाला असता. आपल्याला ती चव ओळखीची होती. आपण दोघांनी ती मिठाच्या नावावर टाकली. त्यातला एक विजेचा माणूस होता.

त्यानंतर तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. पण एकदा बोलावलंस, हेकरू खात नाही म्हणून. तो कोपऱ्यात काचेकडे तोंड करून थांबला होता. पंपापासून जितकं लांब जाता येईल तितका लांब. मी किट काढलं, चार नळ्यांत पाणी घेतलं, रंग बघितले. अमोनिया शून्य. सगळं उत्तम. तुझ्यापुढे नळ्या धरून मी म्हणालो, "बघ, डब्याचं काम." तू नळ्यांकडे बघितलं नाहीस, हेकरूकडे बघत राहिलास. "त्याला कायतरी कलतंय," तू म्हणालास. मी म्हटलं, माशाला काय कळणार. चहा पिऊन मी घरी आलो.

आणि मग तो मंगळवार. सकाळी दहाचा सुमार होता, मी प्लँटवर होतो. वहिनींचा फोन आला तेव्हा आधी नुसता श्वासच ऐकू आला. तू भरतीचं पाणी कॅनमधून आणलं होतंस, टाकीतलं थोडं पाणी बदलत होतास. वहिनी मागे कपडे वाळत घालत होत्या. मी पोचलो तेव्हा तुला दिवाणावर ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय, रक्तदाब, झटका. तुझ्या शर्टाची उजवी बाही खांद्यापर्यंत ओली होती. टाकीपुढची फरशी ओली होती. तू अनवाणी होतास. टाकी सुरू होती, काहीच घडलं नसल्यासारखी, आणि हेकरू कोपऱ्यातून बाहेर बघत होता.

डॉक्टरांनी विचारलं, "काही शंका?"

मी म्हणालो, "नाही."

माझ्या खिशाला टेस्टर असतो, तुला माहीत आहे. लग्नातसुद्धा असतो, तू त्यावरून माझी टर उडवायचास. त्या दिवशीही होता. तो काढून पाण्याला लावायला किती वेळ लागला असता? मी लावला नाही. लावला नाही तोवर तुला हार्ट अटॅक आलेला होता. मी माझ्या मनाशी सांगितलं, घरात माणसं आहेत, आता हे बरं दिसत नाही, उद्या बघू. उद्याही माणसं होती. मग परवा.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, जनार्दन तृप्त गेला, काही राहिलं नव्हतं. मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. तुझ्या मनातलं सगळं संपलं असेल, माझ्या मनातलं तर तेव्हा कुठे सुरू झालं होतं.

त्या सगळ्या दिवसांत माणसं तुझ्या हॉलमध्ये येऊन बसायची आणि बोलायला काही उरलं नाही की हेकरूकडे बघायची. मी टाकीकडे पाठ करून बसायचो. हेकरूला खायला वहिनी घालायच्या. तुझं काम दुसऱ्या कुणाला करू देत नव्हत्या. त्यांची उंची कमी, म्हणून त्या प्लास्टिकच्या स्टुलावर चढायच्या आणि वरून हात घालायच्या. हे मला दिसत होतं, दादा. पाठ करून बसलो तरी समोरच्या खिडकीच्या काचेत दिसत होतं. त्या स्टुलावर आहेत, प्लास्टिकवर आहेत, असं मी स्वतःला सांगत होतो. म्हणजे मला माहीत होतं. नसतं, तर त्यांच्या पायाखाली काय आहे याचा हिशेब मी कशाला केला असता?

तेराव्याला जेवणं उरकली, पाहुणे गेले. दुपार कलली होती. वहिनी कोळंबीची वाटी घेऊन स्टुलावर चढल्या, एक हात भिंतीला टेकवून दुसरा पाण्यात घातला आणि झटकन मागे घेतला. वाटी पडली.

"चावतं हो हा पानी," त्या म्हणाल्या. "त्यांना पन चावायचा."

मग त्या स्टुलावरून उतरल्या, ती कोळंबी पडली होती ती उचलायला. ओल्या फरशीवर, अनवाणी. आणि एक हात आधाराला टाकीच्या कडेवर ठेवायला गेला.

मी कधी उठलो ते मला आठवत नाही. त्यांचा हात मी एवढ्या जोरात ओढला की त्यांची बांगडी वाकली आणि त्या किंचाळल्या. खिशातला टेस्टर काढला, टोक पाण्याला लावलं. तो पेटला. खिडकीतून ऊन येत असतानाही त्याच्या पोटातला तो लाल ठिपका मला इतका स्पष्ट दिसला की आजही डोळे मिटले की दिसतो. मी वायर उपटली. डबा थांबला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कळलं की त्याला आवाज होता.

वहिनी मनगट धरून उभ्या होत्या. त्यांनी टेस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं.  मग म्हणाल्या, "मासा मरेल आता."

बंद डब्याचं पाणी काही तासांत नासणार होतं. मी निळी बादली आणली, टाकीतलंच पाणी भरलं, जाळीने हेकरूला काढलं. त्याने विरोध केला नाही. बादलीची कडी एका बाजूने त्यांनी धरली, एका बाजूने मी, आणि आम्ही बांधावरून उघाडीकडे चालत गेलो. तळं गेलं तरी उघाडी अजून आहे, तुला माहीत आहे. भरती चढत होती. वाटेत मी सगळं सांगितलं. डबा कुणाचा, वायर कुणाची, शिडीवरून मी काय म्हणालो, फोनवर कसा हसलो, त्या मंगळवारपासून टेस्टर खिशातच का राहिला. क्रम चुकत होता, मागचं पुढे येत होतं. त्यांनी बादली हलू दिली नाही.

उघाडीपाशी आम्ही बादली तिरकी केली. हेकरू काठाच्या दगडापाशी क्षणभर थांबला, त्याच्या त्या आठीसकट, आणि गढूळ पाण्यात गेला. कोंडलेला पानी मरतो, असं तू म्हणालेलं मला आठवलं, आणि पहिल्यांदा मी रडलो, तेरा दिवसांत पहिल्यांदा.

मग वहिनी बोलल्या. म्हणाल्या, "त्यांना रोज चावायचा. मी म्हनले, भावजींना सांगा. तर म्हनाले, नको. तो येल, आपला डबा काढंल, आनि त्याला वाटंल आपला चुकला. त्याने लय मनापासून लावलाय. चावू दे थोडा."

दादा, तुला तळ्यातून मासा सोडून वर यायची ती सवय कशाला लागली? मी काठावर बसून रडत होतो म्हणून? त्या एका फोननंतर तू रोज तो हात पाण्यात घालत राहिलास, मला वाईट वाटू नये म्हणून. यासाठी मी तुझे पाय धरू की तुझ्याशी भांडू? वहिनी एवढंच बोलून थांबल्या असत्या तर मी ते तुझं माझ्यावरचं प्रेम म्हणून घेतलं असतं आणि त्यावर उरलेलं आयुष्य काढलं असतं. मला वाटतं, त्यांनाही माझा चेहरा बघून ते कळलं.

त्यांनी रिकामी बादली खाडीत विसळली, उपडी केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना ठावं नव्हता. तुमाला पयल्या दिवसापासून ठावं व्हता. तेरा दिस मी त्या पान्यात हात घालत व्हते, भावजी."

आणि बांधावरून एकट्या पुढे चालत गेल्या.